नववी कुऱ्हाड

श्रीधरकाका गेल्याचं मला कळलं ते ऑफिसच्या पँट्रीत, दुपारी डबा मायक्रोवेव्हमध्ये फिरत असताना. नलूकाकूचा मेसेज होता. "काका गेले. सकाळी, चहा घेताना. फोन करू नकोस, मला बोलता येत नाहीये." कॅनडातल्या किचनर गावातल्या त्या काचेच्या इमारतीत मी डब्याचं झाकण हातात धरून उभी राहिले. खोटं कशाला बोलू, मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता. पहिला विचार होता, काका लिहीत होते ती इतिहासाची फाइल आता कुणाकडे आहे? कंपनीच्या माणसांनी नेली तर नसेल? मग डबा तसाच ठेवून मी गाडीत जाऊन बसले आणि रडले. पण क्रम हाच होता, आधी संशय आणि मग रडू. काकांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "बापाची पोरगी आहेस, दुसरं काय!"

माझे वडील चिंचवडच्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. मी अक्षरं शिकले ती संपाच्या पत्रकांवर. 'निषेध' हा शब्द मला 'निसर्ग'च्या आधी लिहिता येत होता. श्रीधरकाका वडिलांचे मावसभाऊ. पुण्यात धातुशास्त्र शिकले, तरुणपणीच कॅनडात आले आणि विंडसरजवळच्या एका कारखान्यात लागले. तिथे कुऱ्हाडी बनायच्या. मी शिकायला इकडे निघाले तेव्हा वडिलांनी त्यांचा पत्ता दिला आणि वर एवढंच म्हणाले, "माणूस प्रेमळ आहे. पण मॅनेजमेंटचा आहे, लक्षात ठेव." मी ते लक्षात ठेवलं. जरा जास्तच ठेवलं, असं काकू म्हणते.

ज्या ब्रँडच्या कुऱ्हाडी तिथे बनत, तो अमेरिकन. जुना, लाकूडतोड्यांच्या काळापासूनचा. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. जे घडलं ते सगळं त्या नावाला जपण्यासाठी घडलं. निदान माझ्या लेखात तरी त्याची जाहिरात नको.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती खंडेनवमीला. फोर-ओ-वन हायवेवरून तीन तास बस, आणि स्टँडवर काका उभे, डोक्यावर लोकरीची टोपी, हातात माझ्यासाठी दुसरी टोपी. "ही घाल. ऑक्टोबर आहे, चेष्टा नाही." घरी गेल्या गेल्या मला बेसमेंटमध्ये नेलं. वॉशिंग मशीनच्या शेजारी भिंतीला लागून दोन पाट मांडले होते, त्यांवर लाल कापड, आणि कापडावर ओळीने कुऱ्हाडींची पाती. दांडे काढून ठेवलेले. काकूने बॅकयार्डात लावलेला झेंडू, जुनी चादर पांघरून थंडीतून वाचवलेला, एकेका पात्यावर एकेक. हळद-कुंकू, गूळ-खोबरं. मी म्हटलं, "काका, तुम्ही तर देवाला मानत नाही." ते म्हणाले, "देवाला नाही मानत. अवजाराला मानतो. अवजार आपल्याशी खोटं बोलत नाही."

मग त्यांनी ते केलं जे पुढे मी दर वर्षी पाहिलं. छताच्या पाइपाला सुतळीचा फास बांधलेला होता. एकेक पातं उचलायचं, त्याच्या नेढ्यातून, म्हणजे दांडा बसतो त्या भोकातून, सुतळी ओवायची, पातं अधांतरी लटकवायचं, आणि पूजेतल्या पितळी पळीने हलकेच टोला द्यायचा. टण्ण... आवाज बेसमेंटभर फिरायचा आणि सावकाश विरायचा. "माठ घेताना आपण वाजवून घेतो की नाही? तसंच. आत चीर असेल तर बद्द वाजतं. डोळ्याला दिसत नाही, एक्स-रेलाही कधी कधी सापडत नाही. पण कानाला कळतं." कारखान्यातही ते असंच करत. शेवटची काही वर्षं ते तिथे गुणवत्ता तपासणीचे प्रमुख होते, आणि गाडीवर चढणाऱ्या प्रत्येक खेपेतली काही पाती स्वतः वाजवत.

ती पाती म्हणजे त्या ब्रँडचा सगळा इतिहासच होता, आणि ते मला तो बोटाने दाखवत सांगायचे. पहिलं पातं दोन भावांच्या काळातलं, नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या हातोड्याखाली घडवलेलं. अंग साध्या लोखंडाचं, आणि फक्त धारेपुरती पोलादाची पट्टी आत बसवलेली, कारण पोलाद महाग. दुसरं दुधारी, एका बाजूने तोडायचं, दुसऱ्या बाजूने गाठी काढायच्या. तिसऱ्यावर कागदी लेबल असायचं, लाल आणि सोनेरी. "पहिल्याच पावसात निघून जायचं ग ते. पण दुकानात काय दिसायचं!" चौथी घरगुती छोटी कुऱ्हाड, पाचवी युद्धात सैन्यासाठी केलेली, सहावी पहिली अखंड पोलादाची. सातवीवर मेपलचं इवलंसं पान कोरलेलं. ती इथली, विंडसरची. आठवी इथला कारखाना बंद झाल्यानंतरची, ब्रँड दोनदा विकला गेल्यानंतरची, कुठे घडली ते कुणालाच नीट न सांगता येणारी. नाव मात्र तेच.

मी ऐकत होते, पण मी पत्रकांवर वाढलेली. मी विचारलं, "आणि ही जंगलं कुणाची होती? तिथे आधी राहत होते ते लोक तुमच्या इतिहासात कुठे आहेत?" काकांनी हातातलं पातं खाली ठेवलं. चिडले नाहीत. म्हणाले, "नाहीत. असायला पाहिजेत." आणि खिशातल्या डायरीत काहीतरी लिहून घेतलं. ते त्या ब्रँडचा इतिहास लिहीत होते, पुढच्या भेटीत त्यांनी मला त्यातली नवी दोन पानं वाचून दाखवली, त्या लोकांविषयी, आणि धार लावताना उडणाऱ्या दगडाच्या धुळीने छाती भरून मेलेल्या कामगारांविषयी. मला तेव्हा ते फार आवडले. आणि तेव्हाच मला पहिल्यांदा संशयही आला, कारण पाटावर, आठव्या पात्याच्या पलीकडे, गोणपाटात गुंडाळलेलं एक नववं होतं. त्याला फूल नव्हतं. कुंकू नव्हतं. ते त्यांनी वाजवलंही नाही. मी हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे ते." इतकं सौम्य बोलले की मला ते पटलं नाही.

काका माणूस म्हणून गमतीदार होते, हेही सांगायला हवं, नाहीतर माझा लेख आरोपपत्र होईल. हार्डवेअरच्या दुकानात गेले की पहिल्यांदा कुऱ्हाडींच्या रॅककडे. खिशातून घराची किल्ली काढून ते तिथे टांगलेल्या कुऱ्हाडी एकामागून एक वाजवत जात. दांडा बसवलेला असला की आवाज दबतो, म्हणून कान अगदी जवळ नेत. एकदा दुकानातली मुलगी येऊन म्हणाली, "सर, कॅन आय हेल्प यू?" काका गंभीरपणे म्हणाले, "नो डिअर, आय अॅम लिसनिंग." परत येताना गाडीत मला म्हणाले, "अकरातल्या चार बद्द. आणि नाव बघितलंस ना कुणाचं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, घरातल्या एखाद्या माणसाने दारू प्यायला लागावं तसं काहीतरी होतं. मला ते 'पत्रकबाई' म्हणत. "पत्रकबाई, विंटर टायर्स लावलेत का? नाहीतर क्रांती ज्या गाडीने येणार ती डिचमध्ये जायची."

मग ती कॉफी शॉपची सकाळ. आम्ही आत शिरलो, आणि खिडकीपाशी बसलेला एक उंच, वाकलेला म्हातारा काकांना पाहून उठला. अर्धा कप तसाच ठेवून, टोपी घालून, आमच्या बाजूने न जाता मागच्या दाराने बाहेर गेला. काकांनी पाहिलं. कॉफी आणि बिस्किटं घेऊन टेबलाशी आले. मी विचारलं, "कोण?" म्हणाले, "लुसियाँ. आमच्या भट्टीवर होता. तापलेलं पोलाद बुडवून कडक करायचं, पाणी द्यायचं, ते त्याचं काम. त्याच्यासारखं पाणी देणारा माणूस मी पाहिला नाही." "मग उठून का गेला?" काका म्हणाले, "कॉफी गार होतेय."

असं कुणी म्हटलं की मी गप्प बसणारी नाही. पुढच्या खेपेला काकूला खोटं सांगून मी एकटी त्या कॉफी शॉपमध्ये गेले. लुसियाँ त्याच खिडकीत होते. मी स्वतःची ओळख करून दिली तेव्हा त्यांनी मला उभंच ठेवलं. मग म्हणाले, "बस. तू लहान आहेस, तुझा काय दोष." आणि मोडक्या इंग्रजीत, मध्ये मध्ये फ्रेंच मिसळत, त्यांनी सांगितलं ते असं. कारखाना बंद होण्याआधीच्या वर्षी गिऱ्हाइकांच्या तक्रारी येऊ लागल्या. कुऱ्हाडी तडकत होत्या. कंपनीने अहवाल मागवला. अहवालात लिहून आलं की दोष इथल्या भट्टीत आहे, लुसियाँच्या पाळीत पाणी चुकीचं दिलं जातंय. कंपनीला कारण हवंच होतं, तिने कारखाना बंद केला. इतरांना कुठे ना कुठे काम लागलं. लुसियाँला भट्टीवर पुन्हा कुणी उभं केलं नाही. "ते सगळं ठीक," ते म्हणाले. "पण माझ्या मुलाने मला विचारलं, पापा, खरंच तुझ्या हातून झालं का? मी नाही म्हटलं. तो म्हणाला, ठीक आहे पापा. त्याने ज्या पद्धतीने ठीक आहे म्हटलं ना..." मी विचारलं, "अहवालावर सही कुणाची होती?" ते म्हणाले, "तुला माहीत आहे. म्हणून तर आलीस."

मी तडक घरी गेले आणि काकांना विचारलं. तोंडावर. ते बागेत झेंडूच्या सुकलेल्या फुलांतून बी काढत होते. "अहवाल खरा होता का?" ते बी काढत राहिले. मी पुन्हा विचारलं. म्हणाले, "तो इतिहासात येईल." बस्. त्यानंतर थोड्याच महिन्यांत मला कळलं की ब्रँडच्या नव्या मालकांनीच काकांना वर्धापनदिनासाठी हा इतिहास लिहायला सांगितलं आहे. आता माझा संशय पक्का झाला. जो माणूस खोट्या अहवालावर सही करतो, त्यालाच इतिहास लिहायला देतात, कारण तो काय लिहिणार नाही हे त्यांना ठाऊक असतं. मी तसं बोलले. त्याहून वाईट बोलले. "तुम्ही त्यांचे भाट आहात" म्हणाले. काकू स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं ए, जीभ आवर!" काका मात्र म्हणाले, "बोलू दे तिला. कुणीतरी बोलायला हवं." हेही मला खोटंच वाटलं. शेवटच्या भेटीत, मे महिन्यात, आम्ही हवेवर आणि माझ्या व्हिसावर बोललो. निघताना त्यांनी मला टोपी दिली. मे महिन्यात लोकरीची टोपी... मी ती गाडीत मागच्या सीटवर टाकली.

दिवसकार्य झाल्यावर काकूने मला बोलावलं. टेबलावर फाइल होती. कंपनीने नेलेली नव्हती. मी अधाशासारखी पानं उलटत गेले. इंग्रजीत, सुबक टाइप केलेली. भावांविषयी, नदीविषयी, लेबलांविषयी सगळं होतं. मी विचारून लिहायला लावलेली ती दोन पानं कंपनीने लाल रेघ मारून काढायला सांगितली होती, आणि काकांनी ती काढली नव्हती, हेही दिसलं. पण विंडसरच्या कारखान्यापाशी आल्यावर एकच वाक्य होतं. "उष्णता-प्रक्रियेत दोष आढळल्यामुळे उत्पादन थांबवण्यात आलं." आढळल्यामुळे. थांबवण्यात आलं. कुणाला आढळला, कुणी थांबवलं? अशी वाक्यं कशी रचतात ते मला लहानपणापासून माहीत आहे, माझे वडील लाल पेनने त्यांच्याखाली रेघा ओढायचे. मी फाइल मिटली. काकू म्हणाली, "सगळं बघितलंस का? त्यांनी सांगितलंय, तिला शेवटपर्यंत बघायला सांग."

शेवटच्या कव्हराच्या आत एक कागद होता. हाताने लिहिलेला, आणि मराठीत. सहाशे पानांची ती फाइल इंग्रजीत, आणि हे एकच पान मराठीत. त्यातला मुख्य भाग जसाच्या तसा देते.

"लुसियाँच्या पाळीतली बारा पाती मी वाजवली. बाराही खणखणीत वाजली. तडकलेल्या कुऱ्हाडी आमच्या नव्हत्याच, त्या अमेरिकेतल्या मूळ कारखान्यातून आल्या होत्या, तिथे पोलाद बदललं होतं. हे लिहिलं असतं तर नावच बुडालं असतं. मला वाटलं, एक कारखाना गेला तरी चालेल, नाव राहिलं पाहिजे. म्हणून बारातली सात बद्द वाजली असं लिहिलं. मला कुणी धमकी दिली नाही, काही दिलंही नाही. मी ते नावाच्या प्रेमापोटी केलं. बारातलं एक पातं घरी आणलं. ते नववं."

मी ते दोनदा वाचलं. मला वाटलं होतं त्यांना विकत घेतलं असेल. तसं असतं तर बरं झालं असतं, विकल्या गेलेल्या माणसाचं काय करायचं हे मला पत्रकांनी शिकवलं आहे. लोखंडावर कोरलेल्या एका नावावर इतकं प्रेम करणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं. आणि मग राग आला. कबुली दिलीत, पण ज्याला द्यायची त्याला वाचता येणार नाही अशा भाषेत? मराठीत? विंडसरमध्ये? मी काकूला विचारलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "मला काही विचारू नकोस. दर वर्षी मी त्या नवव्याला कुंकू लावायला हात पुढे करायचे आणि ते मनगट धरायचे. एवढंच मला माहीत आहे." तेवढंच माहीत असेल का? मला शंका आहे. पण तिचं मनगट मी पाहिलं, आणि पुढे विचारलं नाही.

खंडेनवमी तीन आठवड्यांवर होती. घरात दुःख असलं की वर्षभर सण करत नाहीत. काकू म्हणाली, "सण नाही करायचा. पण पाती पुसून ठेवू, अवजारांना कसलं सुतक." मी म्हटलं, "मग एका माणसाला बोलावू." काकूने हातातलं फडकं खाली ठेवलं. म्हणाली, "तो येणार नाही." मी कॉफी शॉपमध्ये गेले. लुसियाँ म्हणाले, "अंत्यविधीला मी आलो होतो. सगळ्यात मागे उभा होतो. खात्री करून घ्यायला." ते विनोद करत होते की नाही, मला अजून कळलेलं नाही. पण ते आले. बुटांवरचा चिखल दारात नीट पुसला, काकूला "मादाम" म्हणाले, आणि जिना सांभाळून उतरत बेसमेंटमध्ये आले.

मी ते पान त्यांना इंग्रजीत करून वाचून दाखवलं. काही सोडलं नाही, काही गोड केलं नाही. ते ऐकत होते तेव्हा त्यांचे डोळे पाटावरच्या गोणपाटावर होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे त्याने इंग्रजीत लिहिलं नाही?" मी म्हटलं, "नाही." "भित्रा," ते म्हणाले. काकूला इंग्रजी उत्तम येतं. तिने गोणपाट सोडलं आणि नववं पातं त्यांच्या हातात दिलं. सुतळीने बांधलेली चिठ्ठी होती, तिच्यावर काकांच्या अक्षरात 'रिजेक्ट' आणि सही. लुसियाँनी चिठ्ठीकडे पाहिलंही नाही. अंगठ्याशेजारचं बोट नेढ्यात घातलं आणि डोळे मिटले. मी विचारलं, "काय बघताय?" म्हणाले, "भट्टीवरचा प्रत्येक माणूस आत स्वतःची खूण करायचा. बाहेरून दिसायची नाही. कंपनीला माहीत नव्हतं." बोट थांबलं. "आहे."

काकूने पातं सुतळीला लटकवलं आणि पळी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी मान हलवली. "तू," मला म्हणाले. मी टोला दिला. इतकी वर्षं गोणपाटात गुदमरलेलं ते पातं वाजलं, आणि आठांपैकी कुठलंही वाजलं नव्हतं इतका वेळ वाजत राहिलं. आम्ही तिघंही ते थांबायची वाट बघत उभे होतो. थांबल्यावर काकूने कुंकवाची कोयरी उचलली, त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले, लाव म्हणून. तिने लावलं.

त्या रविवारी मी आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. लोकांची खूप वाचली होती, स्वतःचं हे पहिलं. एक पान, इंग्रजीत, काकांची कबुली जशीच्या तशी, खाली त्यांचं नाव आणि माझं. लुसियाँना मजकूर दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि परत दिला. मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "पाळीवर मी एकटा नव्हतो. आम्ही चौघं होतो. बाकी तिघांची नावं घाल. एकाचं स्पेलिंग लोक चुकवतात, मी लिहून देतो." मी घातली. आम्ही ते पत्रक त्या कॉफी शॉपमध्ये, चर्चच्या फळ्यावर, आणि जुन्या कामगारांच्या घरी वाटलं. एक प्रत कंपनीला पाठवली. उत्तर आलेलं नाही, येईल असं मला वाटत नाही. लुसियाँच्या मुलाला प्रत त्यांनी स्वतः पोस्टाने पाठवली. त्याच्याकडून काय आलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी, आश्चर्य म्हणजे, विचारलं नाही.

हा लेख मराठीत आहे, म्हणजे तोही लुसियाँना वाचता येणार नाही. ते मला टोचतंय. पण पत्रक त्यांचं होतं, हा लेख काकांचा आहे. काकांनी ते पान मराठीत का लिहिलं, यावर मी रोज वेगळं मत करते. भीतीने? की कबुली द्यायला त्यांच्याकडे हीच एक भाषा होती? की त्यांना नेमकं ठाऊक होतं की हे पान कुणाच्या हाती पडेल आणि ती गप्प बसणार नाही, आणि म्हणून स्वतःला न झेपलेलं काम त्यांनी माझ्यावर टाकलं? तसं असेल तर त्यांनी मला वापरलं. आणि तसं असेल तर त्यांनी माझ्यावर, दुसऱ्या कुणावर नाही, विश्वास ठेवला. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं का, हे मला विचारायचं होतं. ज्यांना विचारायचं ते नाहीत...

काकूने नववं पातं पुन्हा गुंडाळलं नाही. ते अजून बेसमेंटमध्ये पाइपाला लटकलेलं आहे. कपडे धुवायला खाली गेली की जाता-येता ती त्याला पळीने टोला देते, सवय झालीय म्हणते. काल सकाळी मी गाडी चालवत असताना तिचा फोन आला. टायर्स बदललेस का, जेवतेस का, सगळं विचारून झालं, आणि मग ती म्हणाली, "थांब हं, ऐक." फोनमधून पायऱ्या उतरल्याचा आवाज आला, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग तो आवाज. मी गाडी बाजूला घेतली. मागच्या सीटवर लोकरीची टोपी अजून पडलेली होती. हात मागे नेऊन ती घेतली, डोक्यावर ओढली, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत फोन कानाला लावून बसले. बद्द वाजतोय का, ते ऐकत.